एका वेळी एकच चाटण

काजलनं आजवर किती शेंगदाणे भाजले असतील, देव जाणे. वऱ्हाडातली बाई, त्यात नवऱ्याच्या वावरात दरसाल भुईमूग. भाजीत कूट, ठेच्यात कूट, उपासाला तर कुटाशिवाय चालतच नाही. झोपेत भाजायला लावलं असतं तरी तिच्या हातून एक दाणा करपला नसता. पण त्या दिवशी सकाळी उंद्रीच्या घरात ती तव्यासमोर उभी राहिली आणि आच चुकली. चार दाणे काळे पडले. तिनं सगळी ओंजळ बाजूला काढली, तवा घासूनपुसून पुन्हा ठेवला आणि नवे दाणे टाकले. तेही जरा जास्त लाल वाटले. तेही काढले.

तिचा नवरा गोपाल दारात चहा पीत उभा होता. अशानं पोतं रिकामं होईल, एवढं काय निरखून राह्यली, असं त्यानं विचारलं. काजलनं तिसरी ओंजळ घेतली. दाणे छकुलीसाठी होते. संक्रांतीनंतर काजलनं छकुलीला हातात घेतलं नव्हतं, आणि आता उन्हाळा सरत आला होता.

छकुली म्हणजे गोपालच्या धाकट्या बहिणीची, मयुरीची मुलगी. मयुरी जानेफळला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं ही रीत, पण माहेरी माय नव्हती, ती कधीच गेली होती. मग सगळं आलं वहिनीवर. आता जिला स्वतःला लेकरू नाही तिच्याकडे बाळंतीण सोपवायची, हे गल्लीतल्या बायांना काही रुचलं नाही. काजल-गोपालच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती. दवाखाने झाले, नवस झाले, कोणी कोणी सांगितलेली झाडपाल्याची औषधं झाली. शेवटी दोघांनी तो विषय काढायचंच सोडून दिलं. बाया बोलल्या खूप, पण हाताखाली राबायला एकही आली नाही. आणि खरं सांगायचं तर काजलला कोणी यायला नकोच होतं.

तिनं त्या पोरीचं काय केलं नाही? मालीश, आंघोळ, शेक, दुपटी धुणं, सगळं. बाळंतिणीचे डिंकाचे लाडू वळताना एक कान कायम झोळीकडे. छकुली हे नावही तिनंच ठेवलेलं. कागदावर वेगळं नाव होतं, जानेफळला तर परी म्हणायचे म्हणे. पोरगी रात्रंदिवस किरकिर करायला लागली की मयुरी वैतागायची आणि काजल तिला खांद्यावर घ्यायची. अंगाई तिला येत नव्हती. येणार कुठून, म्हणायची वेळच कधी आली नव्हती. मग ती गोपालच्या वावरात पिकतं ते हळू आवाजात म्हणायची. तूर, मूग, उडीद, जवारी, तीळ, भुईमूग, आणि पुन्हा तूर. पोरगी भुईमुगापर्यंत क्वचितच टिकायची. त्या महिन्यांत काजल इतकी सुखात होती की तिला त्या सुखाचंच भेव वाटायचं. हे आपलं नाही, हे जाणार आहे, असं ती रोज मनाला बजावायची आणि रोज विसरायची.

मग संक्रांतीच्या सुमारास आलं उष्टावण. बाळाला पहिला घास मामानं भरवायचा, हे सगळीकडेच आहे. पण गोपालच्या घराण्यात त्यावर आणखी एक रीत होती. मामाच्या घरचं, वावरातलं जे जे खिरीत चालतं ते सगळं त्या पहिल्या घासात पाहिजे. म्हणजे भाचरू मोठं झालं की मामाच्या दारचं काहीही त्याला परकं लागत नाही म्हणे. रीत गोड होती, यात वाद नाही. गोपालच्या बापानं हेच केलं होतं, आज्यानं हेच केलं होतं, आणि गोपाल तर त्या दिवसाची पोरगी जन्मली तेव्हापासून वाट पाहत होता.

काजलनं घरच्या गव्हाची खीर केली. तीत घरच्या गाईचं दूध, संक्रांतीचा तीळ भाजून बारीक केलेला, आणि शेंगदाण्याचं कूट. फडक्यातून गाळून, अगदी चिखलासारखी मऊ करून एका वाटीत. छकुलीचं नाक दोन दिवसांपासून गळत होतं, अंगही कोमट लागत होतं. पण दिवस ठरलेला, जानेफळहून सासरची माणसं आलेली, मांडव नाही तरी घर भरलेलं. थोड्याशा सर्दीचं काय एवढं, असं सगळेच म्हणाले. गोपालनं अंगठी खिरीत बुडवून पोरीच्या ओठाला लावली. मग चमच्यानं दोन घास. पोरीनं मिटक्या मारल्या. बाया हसल्या.

थोड्या वेळानं छकुलीच्या हनुवटीवर लाल गांध्या उठल्या. मग गळ्यावर, मग पोटावर. पोरगी अंग खाजवू पाहत होती, रडून रडून लाल झाली होती. गावातल्या डॉक्टरांनी तपासलं, औषध पाजलं, श्वास नीट आहे म्हणाले, आणि संध्याकाळपर्यंत गांध्या बसूनही गेल्या. पण त्या एका दुपारी सगळं होत्याचं नव्हतं झालं.

काजल धुतलेली दुपटी घेऊन खोलीत जात होती. आत मयुरीची सासू, सिंधूताई, मयुरीशी हळू आवाजात बोलत होत्या. सिंधूताई काही दुष्ट बाई नव्हत्या. नातीच्या अंगावरच्या गांध्या पाहून त्यांचाही जीव खालीवर झाला होता. त्यांनी विचारलं, खीर कोणी केली होती. मग त्याच आवाजात म्हणाल्या, "जिले लेकरू नाही तिचा जीव दुसऱ्याच्या लेकरात लय गुंतते. मंग लागते नजर. तिच्या हातचं नको देत जाऊ इले."

मयुरी काहीच बोलली नाही.

सासवांचं बोलणं काजलनं आयुष्यभर ऐकलं होतं, तेवढं ती पचवून गेली असती. मयुरी शाळेत असताना ही वहिनी म्हणून घरात आली, तिच्या वेण्या घातल्या, तिच्या लग्नात तिच्याहून जास्त रडली. त्या मयुरीचं गप्प राहणं मात्र तिला पचलं नाही. दुपटी तिनं दाराशीच ठेवली आणि मागे फिरली.

दोन दिवसांनी पोरगी जानेफळला गेली. त्यानंतर घर खायला उठलं. झोळीची दोरी गोपालनं सोडायला घेतली तर काजल म्हणाली राहू द्या, तिच्यावर कपडे वाळत घालता येतील. कपडे तिनं एकदाही घातले नाहीत. दुपारी काम आटोपलं की ती त्या दोरीखाली सतरंजी टाकून पडायची. शेजारच्या घरात कुणाचं तान्हं रडलं की हिचे खांदे आपोआप हलायचे, थोपटायला. तिला छकुली हवी होती, इतकी सरळ गोष्ट होती ती. कोणाला सांगणार? आपल्याच भाचीसाठी झुरणाऱ्या बाईला लोक काय म्हणतात ते तिनं दाराआडून ऐकलंच होतं.

तिकडे जानेफळला काय चाललं होतं, तर सगळं बंद. गहू बंद, गाईचं दूध बंद, तीळ बंद, शेंगदाण्याचं तर नाव नाही. कशानं झालं ते कळेना, म्हणून सगळंच हद्दपार. पोरगी भाताची पेज आणि मुगाच्या पाण्यावर. मयुरी मधूनमधून फोनवर पोरगी दाखवायची. मनगटं बारीक झाली होती. काजल फोनकडे बघून हसायची आणि फोन ठेवला की मोरीत जाऊन तोंड धुऊन यायची.

शेवटी मयुरीच्या नवऱ्यानं हट्ट धरून पोरीला बुलढाण्याच्या एका बालरोगतज्ज्ञ बाईंकडे नेलं. त्या डॉक्टरीणबाईंनी आधी सगळ्यांची चांगली हजेरी घेतली. चार नव्या गोष्टी एका वाटीत, आणि तेही लेकरू आजारी असताना? आता सांगा कशानं झालं ते. सर्दी-तापातसुद्धा अशा गांध्या उठतात, म्हणाल्या. हातावर टोचून चाचणी करून पाहिली, तीत धड काही निघालं नाही. मग त्यांनी ठरवून दिलं. एका वेळी एकच चाटण. एकदा गांध्या उठून गेल्यात म्हणून प्रत्येक नव्या पदार्थाची सुरुवात दवाखान्यात, त्यांच्यासमोर. पोरगी ठणठणीत असेल त्याच दिवशी, सकाळीच, म्हणजे पुढे दिवसभर लक्ष ठेवता येतं. चमच्याच्या टोकाएवढं द्यायचं, थांबायचं, पाहायचं, मग थोडं वाढवायचं. दाणा अख्खा किंवा भरडही देऊ नका, श्वासात अडकतो. त्याची पातळ पेजच करायची. तोंड सुजलं, श्वासाला घरघर लागली, लेकरू मलूल झालं तर घरगुती उपाय करत बसायचं नाही, गाडी काढायची. आणि जे पचलं ते बंद करायचं नाही. हप्त्यातून दोन-तीनदा पोटात जात राहिलंच पाहिजे, नाहीतर शरीर विसरतं.

आधी गहू झाला. मयुरीचा फोन आला, पोरीला काही झालं नाही, गव्हाची लापशी चाटूनपुसून खाल्ली. काजलनं देवापुढे साखर ठेवली. मग दूध झालं. तेही पचलं. काजल पुन्हा हरखली, पण या वेळी साखर ठेवताना हात थोडा अडला. मनात काहीतरी टोचून गेलं, काय ते तिनं पाहिलं नाही.

मग तीळ झाला. त्यालाही काही झालं नाही. फोन ठेवल्यावर काजल ओट्याला टेकून खाली बसली, आणि आता मात्र तिला ते पाहावंच लागलं. गहू निर्दोष, दूध निर्दोष, तीळ निर्दोष. राहिला भुईमूग. आणि भुईमूगही निर्दोष निघाला तर? मग त्या दिवशी वाटीत राहिलं काय? काजलचा हात. भुईमुगानं तरी गांध्या उठू दे, असं तिच्या मनात आलं. फार नको, एखादीच. त्याच क्षणी तिनं स्वतःच्या तोंडावर चापट मारून घेतली. जिच्यासाठी जीव जळतो तिच्या अंगावर गांध्या मागायच्या? सिंधूताई म्हणतात ते खरंच असेल का आपण, असं वाटून तिला रडूही येईना.

दोन हप्त्यांनी मयुरीचा पुन्हा फोन आला. भुईमुगाची पाळी होती. दुकानातल्या कुटात काय काय मिसळलेलं असतं सांगता येत नाही, डॉक्टरीणबाईंना निव्वळ दाणा हवा होता, आणि मयुरीचं म्हणणं, त्या दिवशीच्याच पोत्यातले दाणे असावेत. गोपालनं लगेच सांगितलं की मी आणून देतो. त्यावर मयुरी म्हणाली की दाणे वहिनीनं भाजायचे आणि वहिनीनंच घेऊन यायचे. तिच्या मागून सिंधूताईंचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मयुरीनं फोन ठेवला.

म्हणून त्या सकाळी काजलच्या हातून दाणे करपत होते. तिसऱ्या खेपेला दाणे मनासारखे उतरले. तिनं सालं काढली, मिक्सर आधी उकळत्या पाण्यानं धुतला, दाणे तेल सुटेपर्यंत फिरवले. मीठ नाही, गूळ नाही, काही नाही. बोटांत चोळून पाहिलं, कुठे रवाळ लागत नव्हतं. उकळून कोमट केलेल्या पाण्यात सैल करून स्टीलच्या डबीत भरलं, आणि एसटीत गोपालशेजारी, चिखलीवरून बुलढाण्याला जाईपर्यंत, डबी मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसली.

दवाखान्यात छकुलीनं तिला ओळखलं नाही. काजल हात पुढे करून गेली तर पोरीनं ओठ काढला आणि सिंधूताईंच्या पदरात तोंड लपवलं. या वयात लेकरं अशीच करतात, असं मयुरी घाईघाईनं म्हणाली. काजलनंही हो म्हटलं. हात मागे घेऊन ती समोरच्या बाकावर बसली आणि पोरीचे पाय पाहत राहिली. पाय केवढे झाले होते. डाव्या पावलावरचा तीळ मात्र तिथेच होता.

डॉक्टरीणबाईंनी पोरीला तपासलं, डबी उघडून वास घेतला, पेज चमच्यावर घेऊन चमचा तिरका करून पाहिला आणि छान झालं म्हणाल्या. चमच्याच्या टोकाएवढं त्यांनी स्वतः छकुलीच्या जिभेवर ठेवलं. पोरीनं तोंड वेडंवाकडं केलं, मग जीभ बाहेर काढून आणखी मागितलं. आता थांबायचं, असं सांगून त्या दुसऱ्या पेशंटकडे गेल्या.

सगळे त्या एवढ्याशा हनुवटीकडे बघत बसले. गोपाल उभाच होता, सिंधूताईंच्या ओठांची हालचाल चालू होती, कोणता देव आळवत होत्या त्यांनाच ठाऊक. आणि काजलला छकुलीच्या गालावर लाल ठिपका दिसला.

तिचं काळीज उडी मारून वर आलं. सुटले, असा तो आनंद होता, खरा आनंद, आणि पुढच्या श्वासाला तिला इतका घाम फुटला की बाक ओला व्हावा. "बाई, गालावर पाहा," असं ती किंचाळलीच. डॉक्टरीणबाई धावत आल्या, गाल दाबून पाहिला, आणि पोरीचं डोकं सिंधूताईंच्या खांद्यावरून उचललं. पदराला लावलेली पिन गालाच्या कडेला रुतत होती. ठिपका पाहता पाहता मावळला. काजल भिंतीला टेकून उभी राहिली आणि मनातल्या मनात पोरीची माफी मागत राहिली. मले काही नको, तू चांगली राह्य. गांध्या नको, काही नको, मी उंद्रीत पडून राहीन. हे ती मनापासून म्हणाली, आणि त्या संक्रांतीपासून पहिल्यांदाच तिच्या मनात दुसरं काही नव्हतं.

मग थोडी जास्त पेज झाली. पुन्हा थांबले. आणखी थोडी. पुन्हा थांबले. छकुली खेळायला लागली, पिनेसाठी हट्ट करू लागली. अखेर डॉक्टरीणबाईंनी अंगावरचा कपडा वर करून पाठ-पोट पाहिलं आणि भुईमूगही चालतो म्हणाल्या. त्या दिवशी कशानं झालं मग, असं गोपालनं विचारलं. बहुतेक सर्दीनं, पण खात्रीनं आता कोणीच सांगू शकणार नाही, म्हणाल्या. कधी कधी नाही कळत. आणखी थोडा वेळ बसा आणि मग जा, असं सांगून त्या आत गेल्या.

कळत नाही म्हणजे काय, ते काजलला बरोबर कळलं होतं. तिनं डबीचं झाकण लावायला घेतलं.

मयुरीनं तिच्या हातून झाकण काढून घेतलं. सासूच्या मांडीवरून पोरगी उचलली, काजलच्या मांडीवर ठेवली आणि चमचा तिच्यापुढे धरला.

"बाईनं एक-एक करून पाह्याले सांगितलं," ती म्हणाली. बोलत होती वहिनीशी, पण बघत होती सासूकडे. "गहू झाला, दूध झालं, तीळ झाला, भुईमूग झाला. आता तुमचा हातच राह्यला, वहिनी."

"नको मयुरी. मले भेव वाटते."

"मले नाही वाटत. द्या."

छकुलीनं अनोळखी मांडीवर अंग ताठ केलं, रडायच्या बेतात आली. काजलला काही सुचेना. काय करावं, काय बोलावं, आणि तोंडातून आपोआप निघालं, तूर, मूग, उडीद. पोरगी थबकली. तिला काही आठवलं की आवाजच गमतीचा वाटला, कोण सांगणार? मान वळवून ती काजलच्या ओठांकडे बघायला लागली. जवारी, तीळ. काजलनं चमचा भरला. भुईमूग म्हणेपर्यंत पोरीनं तोंड उघडलं होतं.

मग पुन्हा थांबणं आलं. डॉक्टरीणबाईंना हवं होतं त्याहून जास्त वेळ ती माणसं त्या बाकावर बसून राहिली. काजल पोरीकडे बघत नव्हती, तिला बघवतच नव्हतं, ती डोळे मिटून नुसती डोलत होती. बघत होत्या सिंधूताई. हनुवटी, गळा, कानामागे, कपडा वर करून पोट. एकदा पाहिलं, दुसऱ्यांदा पाहिलं. मग पदराची पिन काढून त्यांनी पिशवीत टाकली आणि उठल्या.

बाहेर गोपालनं गाडीचं कसं करायचं ते विचारलं. जानेफळची एसटी थोड्या वेळात होती, उंद्रीला जायला वेगळी. काजलनं पोरगी मयुरीकडे द्यायला हात पुढे केले. द्यायचीच होती, ते तिला ठाऊक होतं. तेव्हा सिंधूताई बोलल्या, काजलकडे न बघता, रस्त्याकडे बघून.

"राहू दे तुह्याजवळ. जे चाललं ते बंद करू नका म्हनते डॉक्टरीन. हप्त्यातून दोन-तीनदा तरी द्या लागते." त्या जरा थांबल्या. "ह्या दोघी माय-लेकी येतीन उंद्रीले आता तुमच्यासंगच. पुढचं पुढं पाहू."

काजलनं पोरगी पुन्हा कडेवर घेतली. छकुलीच्या हनुवटीला थोडी पेज लागली होती, ती तिनं पदरानं पुसली. पुसून झाल्यावरही ती पुसतच राहिली.